बंद पडणाऱ्या गाडीचा नवा मेंदू

मित्रांनो, मंगळवेढ्याहून सोलापूरला जाताना एखादी पांढरी गाडी तुमच्या शेजारून गेली असेल. बोनेटचा रंग उन्हाने उडालेला, पुढचा बंपर तारेने आवळलेला. ती मी. माझ्या वयाच्या गाड्या आता रस्त्यावर फारशा दिसत नाहीत.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या आत एक छोटा कॉम्प्युटर होता. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवायचा. त्या काळी याचे लोकांना फार नवल वाटे. गुरांचे डॉक्टर सिद्धलिंग यांनी मला विकत घेतले आणि ज्वारीच्या रानांमधून, खडीच्या वाटांवरून गावोगाव फिरवले. गाय अडली की लोक बांधावर उभे राहून माझी वाट पाहत. मी दिसले की त्यांच्या जिवात जीव येई.

डॉक्टर गेले आणि मी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिले. टायर बसले. सीटमध्ये उंदरांनी घर केले. कित्येक उन्हाळे माझ्याकडे कोणी फिरकले नाही.

मग डॉक्टरांच्या पत्नी कमलम्मा यांच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सोलापूर गाठणे भाग होते. भाड्याच्या उंच जीपमध्ये त्यांना चढवत नसे. माझी सीट बुटकी. पाठमोरे बसून पाय आत घेतले की झाले. त्यांना अव्वा म्हणणारी त्यांची मुलगी दाक्षायणी मंगळवेढ्यात औषधांचे दुकान चालवते. तिने ताडपत्री ओढली, मला दुरुस्त करून घेतले आणि आम्ही तिघी त्या रस्त्याला लागलो.

काही महिने बरे गेले. मग मला मधेच आचके बसू लागले. दाक्षायणीला वाटले, पेट्रोलमध्ये कचरा असेल. दुकान आणि आई यांतून तिला सवड कुठे होती? एके दिवशी भीमेच्या पुलावर, पाठीमागे उसाने लादलेली ट्रॉली असताना, माझे इंजिन एकदम बंद पडले. स्टिअरिंग जड झाले, ब्रेक दगडासारखा घट्ट. ट्रॉलीवाल्याने कसाबसा ट्रॅक्टर आवरला. आरशात त्याचे दिवे अगदी जवळ आले आणि थांबले. कमलम्मांनी दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती.

सोलापुरातील मेकॅनिक गुरुशांत यांनी माझा कॉम्प्युटर उघडला. आतल्या भागांतून चिकट द्रव गळून सर्किटची पट्टी खाऊन गेला होता. भंगारबाजारातून आणलेला दुसराही तसाच निघाला.

"ताई, खोटं कशाला सांगू?" गुरुशांत म्हणाले. "असला डबा आता कुटं मिळायचा न्हाय. येगळा बसवायचा तर सगळं वायरिंग नव्यानं करावं लागंल. न्हायतर गाडी भंगारात द्या."

भंगार हा शब्द मी पहिल्यांदाच स्वतःबद्दल ऐकला.

दाक्षायणीने एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नवा कॉम्प्युटर बसवा म्हणून सांगितले. गुरुशांत यांनी कुर्डुवाडीच्या अक्षताला बोलावले. ती इंजिनांच्या चाचण्या घेणारी इंजिनिअर. कुठल्याही इंजिनाला जोडता येतील असे कॉम्प्युटर तिला ठाऊक होते. तिने दोन दाखवले. एक शर्यतीच्या गाड्यांना शोभेल असा होता. दाक्षायणीने त्याच्याकडे नीट पाहिलेही नाही.

"मला पळणारी गाडी नको," ती म्हणाली. "अव्वा आत बसलेली असताना बंद न पडणारी पाहिजे."

"मग हा साधा घ्या," अक्षता म्हणाली. "याला तुमच्या इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर वाचता येतो. पंखा आणि एसीसुद्धा सांभाळतो. आणि उद्या मी नसले तरी हा समजणारं माणूस मिळेल."

त्या दोघांनी माझ्या जुन्या वायरी उपसून काढल्या. एकेक वायर तपासून नवी घातली. कॉम्प्युटर इंजिनाच्या धगीपासून दूर, डाव्या सीटच्या पायाशी बसवला. पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा काहीच झाले नाही. नंतर सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारचे दुकानदार बाहेर आले. मग मी चालू झाले, धुरकट, अडखळत. अक्षता लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसली आणि दाक्षायणी मला चालवू लागली. पेट्रोल कमी पडले की इंजिन खडखडे, जास्त झाले की काळा धूर. अक्षता आकडे बदलत राहिली.

आणि शहराबाहेर, वेगात असताना, मी पुन्हा बंद पडले.

दाक्षायणीने मला कडेला घेतले. ती शांतपणे म्हणाली, "राहू द्या आता. विकून टाकते." अक्षता मात्र लॅपटॉपवरून नजर हटवत नव्हती. सेन्सरचा संदेश क्षणभर तुटला होता. गुरुशांत यांनी बोनेट उघडून वायरी निरखल्या. सुबक दिसावी म्हणून त्यांनी सेन्सरची वायर ठिणगीच्या कॉइलला लागून नेली होती. तिथल्या विजेने संदेश बिघडत होता. चूक आपली असल्याचे त्यांनी तिथेच सांगितले आणि वायर दुसऱ्या बाजूने फिरवली. त्यानंतर मी बंद पडले नाही. पण एसीचा भार पडला की इंजिन कसे सावरायचे, हे नव्या डब्याला शिकवायचे राहिले होते. ते झाल्याशिवाय आईला बसवू नका, असे अक्षताने बजावून सांगितले.

दोनच दिवसांत कमलम्मांचे पाय सुजले, श्वास लागला. भाड्याची गाडी आली नाही. अँब्युलन्स दुसरीकडे गेली होती. दाक्षायणीने मला दाराशी आणले.

सोलापुरात सात रस्ता चौकात वाहने तुंबली होती. डांबर तापले होते. मी उभ्या उभ्या तापू लागले. इंजिनाचा पंखा सुरू झाला आणि एसीचा भार होताच. इंजिनाचे फेरे मंदावले, सगळे अंग थरथरू लागले. दाक्षायणीचे बोट एसीच्या बटणावर गेले. तिने आईकडे पाहिले. कमलम्मा त्या गार हवेकडे तोंड करून श्वास ओढत होत्या. तिने बोट मागे घेतले.

इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आणखी खाली गेला. त्या नव्या, अनोळखी डब्याने थोडी हवा वाढवली, थोडे पेट्रोल सोडले. मी एकदा हिसका खाल्ला आणि सावरले. पुढचा ट्रक हलला.

संध्याकाळी कमलम्मा हॉस्पिटलमधून बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर रंग परतला होता. दाक्षायणीचा निरोप मिळताच आलेली अक्षता माझ्याजवळ उभी होती. तिने दाक्षायणीला चांगलेच सुनावले आणि राहिलेले काम तिथेच सुरू केले. कमलम्मा माझ्या दारावर हात ठेवून थांबल्या.

"हिचा मेंदू बदलला म्हनं," त्या म्हणाल्या. "आता मला वळखंल का गं ही?"

अक्षता हसली. म्हणाली, "शिकवते आहे, आजी."

मित्रांनो, त्या डब्याला माणसे ओळखता येत नाहीत. मलाही बोलता येत नाही. आम्ही फक्त आचके देतो, खडखडतो, धूर सोडतो. असे झाले की थांबा, उघडून बघा, जाणत्याला विचारा. आम्ही लोखंडाच्या आहोत, पण आमच्या आत कोणाची तरी आई बसलेली असते.