शनवाऱ्याच्या टांग्याची डावी दांडी

मी टांगा आहे, मित्रांनो. जुना आहे, पण मोडका म्हणू नका. बऱ्हाणपुरातल्या शनवारा पेठेत, वेशीपासून हाकेच्या अंतरावर, कौतिकच्या अंगणात कडुनिंबाखाली मी उभा असतो. तुम्ही शाळेतून येता, माझ्या बैठकीवर चढता, तोंडाने टापांचा आवाज काढता आणि बसल्या जागी खंडव्याला जाऊन परत येता. त्याचा मला राग नाही. राग येतो तो तुमच्यापैकी कोणी मला 'खटारा' म्हणतं तेव्हा. या बऱ्हाणपुरात साहेबांची मोटार आहे, शेठ लोकांच्या बग्ग्या आहेत. मोटारीला पेट्रोल ओढतं, बग्गीला घोडे ओढतात. मला माणसांनी ओढलं आहे, आपण होऊन, हौसेने, आणि तेही चार वेळा. असं दुसरं वाहन गावात असेल तर त्याने माझ्यासमोर येऊन उभं राहावं.

माझा जन्म तापीपलीकडे जैनाबादला झाला. सुकलाल सुतारांनी मला घडवलं. अंगाला सागवान घातलं, चाकांना बाभूळ घातली, आणि पुढे दोन लांब दांड्या बसवल्या. या दोन दांड्यांच्या मध्ये घोडा उभा राहतो. सुकलाल माणसांशी कमी बोलायचे. मला कौतिकच्या ताब्यात देताना ते एवढंच म्हणाले, "डावी दांडी जरा हट्टी लाकडाची आहे. तेल पाजत जा. मोडनार नाही." उन्हाळा होता, तापीला पाणी गुडघाभर होतं. मी माझ्याच चाकांनी नदी ओलांडून बऱ्हाणपुरात आलो. पुढे चाकांना लोखंडी धाव चढली, बिजली नावाची पांढरी घोडी आली, आणि मी कामाला लागलो.

स्टेशनावरून वकील आणले, माहेरी निघालेल्या लेकी पोचवल्या, एकदा तर एका नवरदेवाला वरातीतला घोडा बिथरला म्हणून ऐनवेळी मीच मांडवापर्यंत नेलं. पण माझा खरा दिवस रविवारचा. कौतिकला फुटबॉलचं वेड होतं. रविवारी तो सवारी घेत नसे. शनवारा क्लबचा चेंडू, लिंबांची टोपली आणि मावतील तेवढे खेळाडू घेऊन आम्ही गावाबाहेरच्या मैदानावर जायचो. आपले गडी अनवाणी खेळत. परतताना त्यांच्या गुडघ्यांची काळी माती माझ्या बैठकीला लागायची, आणि मी ती मिरवायचो.

आता ती रीत कशी पडली ते ऐका. सन सव्वीसला फुटबॉलच्या मानाच्या ढालीसाठीचा शेवटचा सामना खंडव्याच्या टीमशी होता. आपला गोलकीपर चुडामण. त्याचं बोट मोडलं, तरी तो गोलातून हलला नाही, आणि आपण ढाल जिंकलो. लोकांनी चुडामणला उचलून माझ्यावर बसवलं. गर्दी इतकी झाली की बिजली बिथरली, मागच्या पायांवर उभी राहिली. कौतिकने घाबरून तिला सोडलं आणि बाजूला नेलं. मग टांगा हलवायचा कसा? तेव्हा त्याच दिवशी पहिला सामना खेळलेला एक पोरगेला गडी पुढे आला, माझी डावी दांडी त्याने धरली आणि ओरडला, "उजवी धरा रे कोनी!" मैदानापासून शनवाऱ्याच्या वेशीपर्यंत लोकांनी मला ओढत नेलं. भीतीपोटी घोडी सोडली, आणि त्याची रीत झाली.

तेव्हापासून शनवाऱ्यात मानाचा गडी तोच, ज्याच्यासाठी घोडी सुटली. ढाल साहेबाच्या हातून मिळते, हा मान फक्त लोकांच्या हातून मिळायचा. आणि त्याला एक अट होती. ज्याला तो गडी मान्य नसेल त्याने भांडायचं नाही, नुसता बिजलीचा लगाम धरून उभं राहायचं. एका जरी माणसाने लगाम धरला, तर त्या दिवशी टांगा घोडीनेच ओढायचा. सगळ्या गावाचा होकार लागे. म्हणून माझ्यावर ऐरागैरा बसला नाही.

डावी दांडी धरणारा तो गडी म्हणजे लोटू. दापोरा गावचा, घरी केळीचे मळे. सेंटर फॉरवर्ड म्हणून तो खेळायचा. त्याच्यासारखे गोल बऱ्हाणपुरात कोणी केले नाहीत, हे त्याचे दुष्मनही सांगतील. पण स्वभावाने तो साधा बिलकूल नव्हता. रेफरीशी वाद घालायचा, मागे येऊन बचाव करायला त्याच्या जिवावर यायचं, आणि गोल झाला की सगळ्या मैदानाला हात दाखवत फिरायचा. फुटाणे विकणारी रंभाबाई त्याला तोंडावर म्हणायची, "तू पयत नाही रे लोटू, तळ्यावरच्या बगळ्यावानी उभा राह्यतो." त्यावर तो म्हणायचा, "बगळ्याचं पोट भरतं ना, माय?"

त्याला माझ्यावर बसायचं होतं. तो ते लपवतही नसे. "मले बसवल्याबिगर मी मैदान सोडत नाही," असं तो हसत हसत सांगायचा, आणि त्यातलं अर्धं हसणं खोटं आहे हे मला कळायचं.

मग तो भुसावळला गेला. रेल्वेत नोकरी मिळाली, त्यासोबत रेल्वेच्या टीममध्ये जागा मिळाली, पायात बूट आले. एक हंगाम तो तिकडे खेळला. आणि नशीब असं की त्याच हंगामात ती टीम आपल्याकडे सामन्याला आली. लोटूने बूट घालून आपल्याच चुडामणवर गोल मारला. हात दाखवत फिरला मात्र नाही. सामना शेवटी आपण जिंकलो, कारण आपला भिकन अंगात ताप असताना खेळला आणि त्याने दोन गोल केले. भिकनसाठी घोडी सुटली. तेव्हा गर्दीतून वाट काढत लोटू आला, रेल्वेचा सदरा अंगात तसाच, आणि सवयीने त्याने माझी डावी दांडी धरली.

मोतीलाल शेठ तिथे होते. कापडाचे व्यापारी, क्लबचे सगळ्यात जुने चाहते, अंगाने भरलेले आणि शब्दाला पक्के. त्यांनी लोटूचं मनगट धरलं आणि त्याचा हात दांडीवरून काढला. "ही शनवाऱ्याची दांडी आहे," ते म्हणाले. "तू आता भुसावळचा." आम्ही वेशीकडे निघालो तेव्हा लोटू मैदानातच उभा होता. मित्रांनो, मला त्या दिवशी ओढलं गेल्याचा आनंद झाला नाही.

पुढच्या वर्षी तो परत आला. नोकरी सोडून का आला, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. बूट भुसावळलाच राहिले. पुन्हा अनवाणी खेळला, पुन्हा गोल केले, पुन्हा रेफरीशी भांडला. आपल्याच टीमच्या गोटूसाठी घोडी सुटली तेव्हा डावी दांडी पुन्हा त्यानेच ओढली. या वेळी त्याला कोणी अडवलं नाही. पण त्याच्या स्वतःच्या मानाचा विषय निघाला की मोतीलाल शेठ म्हणायचे, "माझ्या जिवात जीव आहे तोवर लगाम माझ्या हातात राहील."

वर्षं गेली. विलायतेत लढाई सुरू झाली त्या साली लोटूने सांगितलं की हा आपला शेवटचा हंगाम. झालं, शनवाऱ्यात दुसरा विषय उरला नाही. लोक माझ्याच बैठकीवर बसून भांडायचे. लोटू मानाचा गडी की नुसता चांगला गडी? गोल किती ते धरायचे, की एक हंगाम गेला तो धरायचा? बापलेकांनी अबोला धरला, एका न्हाव्याने अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवलं. मी ऐकत होतो. मला तोंड नव्हतं हे बरंच, नाहीतर मीही कोणालातरी खाली उतरवलं असतं.

शेवटचा सामना पुन्हा खंडव्याशी पडला. खरं सांगतो, त्या दिवशी लोटू वाईट खेळला. पाय जड झाले होते. समोर उघडा गोल असताना त्याने चेंडू वरून मारला, आणि एरवी टाळ्या वाजवणारे लोक खाली बघू लागले. संपता संपता विनायक नावाच्या नव्या पोराने दोघांना चुकवून गोल केला आणि आपण जिंकलो. लोटू पाण्याच्या कुंडीवर पाय धुवायला निघून गेला.

इकडे माझ्याजवळ गर्दी झाली. चुडामण आता खेळत नव्हता. त्याने आपल्या वाकड्या बोटाने बिजलीचे पट्टे सोडले आणि तिला दांड्यांतून बाहेर काढलं. "लोटूसाठी," तो म्हणाला. लगेच मोतीलाल शेठांनी लगाम धरला. बिजली तिथेच थांबली.

"आज त्यानं काय केलं?" शेठ म्हणाले.

"आजचं नका पाहू, शेठ," रंभाबाई म्हणाली. "आणि भुसावळले पोटासाठी गेलता तो. सुरतेले मिलमधी गेलेला पोरगा परत आला तर त्याले उंबऱ्यावर अडवता का?"

"नाही अडवत. पन त्यानं आपल्याच घरावर दगड मारला असंल तर? आपल्यावर गोल मारला त्यानं. मी इथंच उभा होतो."

"गोल माझ्यावर मारला, शेठ," चुडामण म्हणाला. "मले राग नाही, तुमालेच काहून?"

"तू गोलकीपर आहे. तुले सवय आहे."

लोक हसले, पण शेठ हसले नाहीत, आणि लगामही सुटला नाही. रीत ती रीत. चुडामण बिजलीला परत जुंपायला वळला.

तेवढ्यात लोटू कुंडीवरून आला. त्याने लांबून काय पाहिलं असेल? घोडी सुटलेली, मोतीलाल शेठ तिचा लगाम धरून उभे, आणि जवळच फुलांच्या माळा घातलेला विनायक. शेठ विनायकसाठीच घोडी बाजूला धरून उभे आहेत, असं त्याने समजून घेतलं. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते कालच्या पोराला मिळतंय, असंच त्याला वाटलं. दुसरा कोणी असता तर पाठ फिरवून दापोऱ्याची वाट धरली असती. लोटू गर्दीतून वाट काढत आला, दोन्ही तळहातांवर थुंकला आणि त्याने माझी डावी दांडी उचलली.

"विनायकले बसवता ना? बरं केलं," तो म्हणाला. "पोरगं चांगलं खेळलं. उजवी धरा रे कोनी."

शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फाटला. त्याचा हात ओला होता. मी लाकूड आहे, पण त्या वेळी मला माझ्या चाकांपर्यंत भरून आलं.

उजवी दांडी कोणी धरेना. मोतीलाल शेठ लगाम धरून तसेच त्याच्याजवळ आले, बिजली त्यांच्या मागे. त्यांनी लोटूचं मनगट धरलं, तेच मनगट, आणि त्याचा हात दांडीवरून काढला.

"शेठ," लोटू खालच्या आवाजात म्हणाला, "आज तरी धरू द्या. मंग काय मी येतो इथं?"

"इथं मी धरतो," मोतीलाल शेठ म्हणाले. "तू वर बस."

आणि त्यांनी बिजलीचा लगाम कौतिकच्या हातात दिला.

लोटूला ते कळलंच नाही. तो विनायककडे बघू लागला. विनायकने आपल्या माळा काढून माझ्या बैठकीवर ठेवल्या आणि उजवी दांडी धरली. शेवटी रंभाबाई म्हणाली, "बस ना रे बाप्पा, उभं राहून आमचे पाय दुखून राह्यले." तेव्हा तो चढला. मित्रांनो, तो रडला, चांगला मोठ्याने रडला. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग आम्ही निघालो. काय तो थाट सांगू! धूळ उडत होती, पोरं पुढे धावत होती, आणि डाव्या दांडीला मोतीलाल शेठ, धोतराचा सोगा तोंडात धरून, घामाने न्हालेले. लोटूचे डोळे पुसून होतात न होतात तोच त्याला गप्प बसवेना. "शेठ, पुढं डाव्या अंगाले खड्डा आहे, जरा उजवीकडून घ्या. तिथं दगड आहे, दांडी वर धरा. शेठ, चढाव आला, वाका थोडं." शेठ धापा टाकत म्हणाले, "तुले काय सगळा रस्ता पाठ आहे का?" लोटू म्हणाला, "दांडी धरून पाठ आहे. वरून कसा दिसतो ते आजच पाहतो." शनवाऱ्याची वेस आली तेव्हा शेठांनी दांडी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसकण मारली. मी ते वजनही सोसलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बिजली गेली. स्टेशनावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि माझ्या सवाऱ्या तुटल्या. कौतिक म्हातारा झाला, तरी मला लाकडाच्या भावाने विकायला तो तयार नाही. वाद अजून मिटलेला नाही. परवाच कोणीतरी माझ्याच बैठकीवर बसून म्हणत होतं की लोटू मानाचा गडी नव्हता, शेठांना त्या दिवशी दया आली. मी चौघांनाही वाहिलं आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. दयेने कोणी एवढा चढाव चढत नाही. आपला मान दुसऱ्याला गेला असं समजूनही ज्याने दांडी उचलली, त्याच्याहून मानाचा गडी माझ्यावर बसला नाही.

दर दसऱ्याला लोटू दापोऱ्याहून यायचा, जवसाचं तेल आणायचा आणि माझ्या अंगाला चोळायचा. यंदा तो आला नाही. त्याचे गुडघे आता साथ देत नाहीत, असं रंभाबाई कौतिकला सांगत होती. माझं लाकूड कोरडं पडलं आहे, पावसाळ्यात मातीला टेकलेल्या भागाला वाळवी लागते. तेव्हा मित्रांनो, खेळा, चढा, खंडव्याला जा नाहीतर थेट मुंबईला जा. फक्त उतरताना माझ्या दांड्या जमिनीवरून उचलून दगडावर ठेवत जा. आणि घरून कधी वाटीभर तेल आणलंत, आणि ते सगळ्या अंगाला पुरणार नाही असं वाटलं, तर आधी डाव्या दांडीला लावा.