शेवटचं नाव जाईपर्यंत

आमच्या हॉलच्या एका भिंतीवर अकरा वर्षांत एकही खिळा ठोकलेला नाही. घड्याळ स्वयंपाकघरात, कॅलेंडर फ्रिजवर, आईचा फोटो बाबांच्या खोलीत. ती भिंत सिनेमाची. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला खिडकीवर जाड पांघरूण लावायचं, प्रोजेक्टर मागच्या स्टुलावर ठेवायचा, त्याला लॅपटॉप जोडून त्याचं झाकण मिटायचं आणि जे सिनेमे थिएटरात कधी लागत नाहीत ते बघायचे. खुर्च्या माझ्या, चहा माझा, भिंत माझी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मी माझ्याच घरात पाहुणीसारखी वागले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

येणारे तिघे. एक दातांचे डॉक्टर. दुसऱ्या, कॉलेजात सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकबाई. तिसरे ग्रंथपाल, यांना सिनेमा आठवत नाही, पण तो कोणत्या साली कुठल्या महोत्सवात दाखवला ते तोंडपाठ असतं. नियम एकच. भिंतीवरून शेवटचं नाव जाईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग दिवा लावायचा आणि पाळीपाळीनं बोलायचं.

आणि बाबा. बाबांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. सुरुवातीला ते, "हा माणूस नुसता चालतोयच की गं," म्हणून हसायचे. मग त्यांना गोडी लागली. तीन वर्षांपूर्वी त्यांची नजर कडेकडेनं जायला लागली. आता खोलीत दिवा लागलाय की नाही हेही विचारावं लागतं. पेपर सुटला, फिरणं सुटलं, जुने सोबती यायचे बंद झाले. शनिवार मात्र त्यांनी सोडला नाही. दुपारपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

मी त्यांच्या शेजारी मागे बसून कानात सांगायची. औषधांच्या खोक्यात जी बारीक अक्षरांची घडी असते ना, ती तपासणं हे माझं काम. त्यामुळे फापटपसारा न लावता सांगायची मला सवय आहे. "बाई दारात. हातात बादली. रिकामी." बाबा मान हलवायचे. कधी कधी एखादी गोष्ट आमच्या तिघा जाणकारांच्या आधी त्यांना कळायची.

मागच्या महिन्यात डॉक्टरांचा मेसेज आला. गटावर नाही, मला एकटीला. म्हणजे तिघांत माझ्या मागे बोलणं झालेलंच होतं. 'शांतता हाही चित्रपटाचा भाग असतो. सततच्या कुजबुजीनं अनुभवात व्यत्यय येतो, असं आम्हां सर्वांना वाटतं. काकांबद्दल आदर आहेच. नाहीतर आपण माझ्या तळघरात जमू या, तिथे मोठा पडदा बसवलाय. अर्थात तिथे काकांना पायऱ्या जड जातील.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे डॉक्टर प्रत्येक सिनेमाच्या मध्यावर घोरतात, चांगले खर्जात घोरतात. त्याला कुणी व्यत्यय म्हणत नाही. बाईंच्या बांगड्या वाजतात. ग्रंथपाल शेंगदाणे खातात, तेही एकेक. माझ्या बापाच्या कानात गेलेली दोन वाक्यं तेवढी यांच्या शांततेला टोचतात!

आता मी काय करायला हवं होतं? 'जा तुमच्या तळघरात' म्हणायला हवं होतं. ते मी म्हणाले नाही. तिघं गेले की शनिवार गेला, आणि शनिवार गेला की बाबांकडे काय उरणार, असा हिशेब मी केला. आणि खरं सांगायचं तर मलाही हे तिघं हवे होते. दिवसभर चिठ्ठ्यांतले पूर्णविराम तपासणाऱ्या बाईला महिन्यातून एकदा कुणीतरी 'तुमचं मत काय' असं विचारतं, त्याची चटक लागते.

मी बाबांना सांगितलं. "आजपासून मी सांगणार नाही. त्यांना त्रास होतो म्हणे. नंतर सगळी गोष्ट सांगेन."

"चालेल की," बाबा म्हणाले. "मी नुसता बसेन. बोलायचं नाही ना? नाही बोलणार."

त्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः माझी खुर्ची उचलून पुढच्या ओळीत ठेवली. "इथे बसा, म्हणजे मोह होणार नाही," असं म्हणून हसले. मीही हसले. बाबा मागे एकटे, प्रोजेक्टरच्या स्टुलाला खेटून.

सिनेमा बाईंनी निवडलेला. एक म्हातारी आपल्या मोठ्या घरातून हिंडते आणि एकेक खिडकी बंद करते. बस. संवाद नाहीत. एक खिडकी लागली की भिंतीवरचा उजेड थोडा कमी व्हायचा. मला दर मिनिटाला मागे वळून सांगावंसं वाटत होतं: बाबा, सातवी खिडकी, पडदा फाटका आहे. मी दात आवळून बसले.

शेवटची खिडकी लागली आणि भिंत काळी झाली.

काळीच राहिली. आवाज चालू होता. पावलं, कडी, मग लांबवर काहीतरी खुडबूड, पाणी. आम्ही अंधारात बघत राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझ्या मनात एकदा आलं की असं असतं का कुठे? पण शेजारी बाईंनी असा काही खोल श्वास सोडला की विचारायची हिंमत होईना. डॉक्टर चक्क जागे होते. मीसुद्धा मग त्या काळ्या भिंतीत अर्थ शोधायला लागले, आणि मला तो सापडलाही. पुढे आवाजही थांबला. नावांसाठी आम्ही तसेच बसून राहिलो. नावं येईनात.

शेवटी ग्रंथपालांनी सुस्कारा टाकला. "नावंसुद्धा नाहीत! स्वतःचं नावही पुसलं दिग्दर्शकानं. हे याआधी कुणी केल्याची नोंद नाही."

"दिवा नका लावू लगेच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "त्यानं आपल्याला आंधळं केलं. आंधळेपणा म्हणजे काय असतं ते आज पहिल्यांदा आतून कळलं मला."

माझ्या मागे सहा फुटांवर माझे बाबा बसले होते. तीन वर्षं. आणि हिला आज कळलं, वीस मिनिटांत, चहाच्या आधी!

"मी तर रडलो," डॉक्टर म्हणाले. "आणि एक सांगू? आज ती कुजबुज नव्हती म्हणूनच हे पोचलं."

"बोलू का आता?" मागून बाबांनी विचारलं. "गेलं का शेवटचं नाव?"

"हो काका, बोला ना," बाई म्हणाल्या. मोठ्या प्रेमानं म्हणाल्या.

"मग त्या यंत्राकडे बघा जरा कुणीतरी. दिवा गेलाय बहुतेक त्याचा. माझ्या हातावर गरम वारा येत होता, तो मघाशीच गार झाला. पंखा थोडा वेळ फिरला, मग तोही बंद झाला."

मी उठले, हॉलचा दिवा लावला. स्टुलावर प्रोजेक्टर थंडगार. बाजूला एवढासा लाल ठिपका लुकलुकत होता. आम्ही चौघांनी वीस मिनिटं बिघडलेल्या यंत्राला दाद दिली होती. ग्रंथपाल खिशातला एक शेंगदाणा काढून त्याच्याकडे बघत बसले.

"बाबा, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"बोलायचं नाही म्हणाली होतीस ना," बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग डॉक्टरांनी घसा साफ केला. माणूस निगरगट्ट असावा तरी किती! "काका, पण तुमचा कान तयार आहे. तुम्हीच सांगा, त्या वीस मिनिटांत नक्की झालं काय?"

"मला काय ठाऊक?" बाबा म्हणाले. "आज मला कुणी सांगितलंच नाही. कोंबड्या फिरत होत्या एवढं ऐकलं. कोंबड्या काही अंधारात फिरत नाहीत. पण तुम्ही सगळे बघताय, तर मला वाटलं असेल काहीतरी."

पुढे मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहीत नाही. एवढंच की अकरा वर्षांत त्या हॉलमध्ये इतक्या मोठ्यानं कुणी बोललं नव्हतं. घोरणं, बांगड्या, शेंगदाणे, सगळं काढलं. तळघरसुद्धा काढलं. तळघरात जायचं असेल त्यांनी आत्ता, या पावली जावं, चहा तिथेच प्यावा, असंही म्हणाले. बाई रडवेल्या झाल्या. डॉक्टर, "माझा तसा उद्देश नव्हता," असं तीनदा म्हणाले. मी थांबले ती माझ्याच नावापाशी येऊन, कारण खुर्ची डॉक्टरांनी उचलली असली तरी तिच्यावर जाऊन बसले होते मी.

ती खुर्ची उचलली. डॉक्टरांच्या पसरलेल्या पायांवरून नेली आणि बाबांच्या शेजारी ठेवली. लॅपटॉप झाकण उघडून मांडीवर घेतला आणि सिनेमा शेवटच्या खिडकीपर्यंत मागे नेला. पडदा आता वीतभर. बघायचं असेल त्याला बाबांच्या खुर्चीपाशी येणं भाग होतं. तिघं आले. बाई खाली जमिनीवर बसल्या. बांगड्या त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवल्या होत्या.

"तुम्ही गप्प बसायचं," मी त्यांना म्हणाले. "मी बोलणार आहे."

म्हातारीनं खिडकीची कडी लावली. आतला उजेड गेला. पावलं वाजली, मग दाराची कडी निघाली, आणि माझ्या मांडीवरचा पडदा इतका उजळला की ग्रंथपालांनी डोळे किलकिले केले.

बाबांनी हात पुढे करून माझं मनगट चाचपलं. "काय झालं? अंधारच आहे का अजून?"

"नाही, बाबा," मी मोठ्यानं म्हणाले. "ती अंगणात आलीये. कोंबड्यांना दाणे टाकतेय. लख्ख ऊन आहे."