दाराची कडी

मिशनच्या त्या घराला कुलूपच नव्हतं. मिशनच्या प्रमुख, ज्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, त्या खोल्या दाखवता दाखवता सहज म्हणाल्या, "दिवस मावळेपर्यंत हे दार लावायचं नाही हं. कुणाला कधी आसरा लागेल, सांगता येत नाही. फार जुनी रीत आहे."

तिनं मान डोलावली, पण नजर उघड्या दाराकडे गेली. कडेवर लेक होती, छकुली, नुकती चालायला शिकलेली.

नवरा मात्र हरखून गेला होता. मिशनच्या घरी राहून आल्यागेल्याला आसरा द्यायची ही सेवा त्यानं लग्नाआधीपासून मनात धरलेली. गाव जुनं आणि देखणं. तटबंदी, पायांनी झिजून मधे खोलगट झालेल्या दगडी पायऱ्या, आणि हे सगळं बघायला येणारे पाहुणे. दार उघडं दिसलं की तेही आत शिरत. एकदा ती उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर घालत असताना एका बाईंनी डोकावून विचारलं, "स्वयंपाकघराचं तिकीट वेगळं आहे का?"

"तिकीट नाही, पण दूध सांडलं तर मला बोलणी बसतात," नवरा म्हणाला.

सगळे हसले. तिला काही हसू आलं नाही.

पाहुण्यांची एक वेळ सवय झाली असती. तिचा जीव अर्धा व्हायचा तो पहाडाला बघून. हे नाव तिनंच ठेवलेलं. दारात उभा राहिला की उजेड अडायचा, एवढा रुंद माणूस. गालभर भाजल्याचा डाग. रोज दुपारी यायचा आणि दाराला लागूनच असलेल्या प्रार्थनेच्या खोलीत शेवटच्या बाकावर बसायचा. बोलायचा नाही, डोळेही मिटायचा नाही. छकुली दिसली की तिच्याकडे बघत राहायचा.

"अहो, त्याला विचारा ना एकदा, काय हवंय ते."

"आसऱ्याला आलेल्याला कारण विचारायचं नाही, अगं. तेच तर आपलं काम."

"तुमचं काम. माझ्या लेकीला काही झालं तर?"

तो हळूच म्हणाला, "फारच वाटत असेल तर परत जाऊ."

'परत' म्हणताना त्याचा आवाज असा पडला, की तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या दिवशी नवरा थोरल्या बाईंबरोबर एका आजाऱ्याकडे गेला होता. छकुली आत बुटांसकटच झोपलेली. ती दाराकडे पाठ करून बाकांखालचं झाडत होती, तेवढ्यात पायऱ्यांवर जड बूट वाजले. रोजच्यापेक्षा लवकर. तिनं झाडू टाकला, दार लोटलं आणि दोन्ही हातांनी रेटून गंजलेली कडी घातली.

बूट थांबले. कुणी दार वाजवलं नाही. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

आणि दाराच्या पलीकडून रडणं ऐकू आलं. छकुलीचं.

ती आत धावली. पांघरूण जमिनीवर, गादी रिकामी. पोर उठून तिच्या पाठीमागून कधी बाहेर पडली, तिला कळलंच नव्हतं. आणि तिनं स्वतःच्या हातांनी लेकीला त्या माणसाबरोबर बाहेर कोंडलं होतं.

कडी निघेना. नखं तुटली. तिनं स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि घाव घालू लागली. "छकुले, आई आली हं, आली हं." बाहेर हॉर्न वाजला, ब्रेक करकचले. मग रडणंही थांबलं. तिनं बत्ता पुन्हा उचलला.

दार उघडलं. छकुली रस्त्याला टेकलेल्या शेवटच्या पायरीवर बसलेली, एका पायात बूट नाही, समोरच्या गाडीकडे टकामका बघतेय. आणि अरुंद रस्त्यात, मालाच्या गाडीसमोर, पहाड दोन्ही हात पसरून उभा होता.

"हल की रे बाबा," गाडीवाला ओरडत होता. तिनं लेकीला उचलून छातीशी धरलं, तेव्हाच तो हलला.

"उचलायचं नाही का तिला?" भीतीपोटी ती त्याच्यावरच खेकसली.

"कसं उचलणार, बाई? मला बघून तुम्ही कडी घातलीत. माझ्या हातात पोर दिसली असती तर?"

पडलेला बूट त्यानं तिच्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला. आणि जायला वळला.

"थांबा," ती म्हणाली. "आत बसा."

तो नेहमीच्या बाकावर बसला. ती पुढच्या बाकावर, छकुलीला घट्ट धरून. मान पुन्हा पुन्हा मागे वळत होती. भीती काही लगेच जात नाही.

नवरा आला. वाकलेली कडी बघितली, सगळं ऐकलं आणि पांढराफटक पडला. "आपण परत जाऊ," तो म्हणाला.

"आधी पक्कड आणा. ती कडी काढून टाका, आणि दाराला गुडघ्याएवढं फाटक लावा. मोठ्यांना ओलांडता येईल असं."

"आणि थोरल्या बाई?"

"त्यांना मी सांगते. ही रीत घालणाऱ्यांच्या घरात एवढंसं पोर नसणार."

"पट्ट्या जवळ जवळ मारा," मागच्या बाकावरून आवाज आला. दोघं वळले. तो जमिनीकडे बघत होता. "फट राहिली की पोरं डोकं घालतात. आमची घालायची."

ती छकुलीला कडेवर घेऊन उठली.

"मग तुम्हीच दाखवा ना, किती जवळ ते," ती म्हणाली. छकुलीला मात्र तिनं कडेवरून खाली सोडलं नाही.