छतावरच्या चार बाटल्या

"म्हातारी झाली ती, शेषराव. माणसाला चष्मा लावता येतो, मशीनला काय लावणार?"

वर्कशॉपचे मालक विश्वंभररावांनी लोखंड कातायच्या लेथवरून उतरवलेला शाफ्ट दाराच्या उजेडात धरला. हळद पॉलिश करायच्या ढोलाचा शाफ्ट होता तो. त्याच्या अंगावर बारीक लाटा उमटल्या होत्या. तीनदा कातला आणि तीनदा असाच निघाला.

"सोमवारी भावसिंग टेम्पो घेऊन येतोय. भंगारात तर भंगारात, जाऊ द्या तिला. नवी आणली तरी चालवायची तुम्हालाच आहे."

हाताला लागलेला लोखंडाचा कीस शेषराव फडक्याने पुसत राहिला. कनेरगाव नाक्यावरच्या या वर्कशॉपात त्याला तेवीस वर्षं झाली होती. बंद पडलेल्या जिनिंगच्या लिलावातून ही मशीन आणली, तेव्हा ट्रकमधून तिला उतरवून घ्यायला तोच होता. वाशीम रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कितीतरी मोटारपंपांचे आणि ट्रॅक्टरांचे शाफ्ट तिच्यावर कातले गेले होते. तेलाच्या बाबतीत तर आसपासच्या गावांत त्याचा शब्द चाले. लोक डबा घेऊन येत. शेषराव दोन बोटांत थेंब चोळी, नाकाशी नेई आणि सांगे, "हे टाक" नाहीतर "हे चुलीत घाल".

मालक जेवायला गेले आणि शेषरावाने लेथच्या डोक्याचं झाकण उघडलं. आतलं तेल त्याने घमेल्यात सोडलं. सडक्या अंड्यासारखा वास आला. तेल निथळल्यावर खालचा गनमेटलचा बुश दिसला. ज्या बुशात मशीनचा मुख्य दांडा फिरतो, तो पितळेसारखा पिवळा असायचा. आता तो तव्याच्या बुडासारखा काळा पडला होता.

शेषराव तिथेच उकिडवा बसला. हे तेल त्यानेच घातलं होतं.

दोन वर्षांमागची गोष्ट. मालक लेकीच्या, रेवतीच्या लग्नासाठी औरंगाबादला गेले होते. लेथच्या डोक्यात घरघर सुरू झाली होती आणि कामं खोळंबली होती. शेषरावाने विचार केला, जाड तेल घातलं की आवाज दबेल. ट्रकच्या गिअरपेटीत घालतात ते नव्वद नंबर त्याने ओतलं आणि घरघर खरंच गेली. मालक परत आले, कान लावून ऐकलं आणि खूश झाले. मग जो येईल त्याला ते सांगू लागले, "आमच्या शेषरावांनी नुसत्या तेलावर मशीन बरी केली." शेषरावालाही ते ऐकायला गोड लागे.

आता गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. म्हातारी झाली म्हणून मशीन भंगारात जाईल आणि त्याचं नाव जिथल्या तिथे राहील. पण नुसत्या वासावर आणि रंगावर स्वतःला गुन्हेगार ठरवायचंही त्याला पटेना. आधी खात्री करू, असं त्याने ठरवलं.

दुपारच्या जीपने तो हिंगोलीला जाऊन आला. संध्याकाळपर्यंत चार बाटल्या तयार झाल्या. एकीत गिअरचं नव्वद, दुसरीत मोटारीच्या इंजिनाचं नवं तेल, तिसरीत हायड्रॉलिकचं शेहेचाळीस आणि चौथीत त्याच जातीचं अडुसष्ट. जुन्या बुशाच्या तुकड्यातून त्याने चार पट्ट्या कापल्या, पॉलिशपेपरने घासून सोन्यासारख्या केल्या आणि दोऱ्याने एकेका बाटलीत सोडल्या. प्रौढांच्या वर्गात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गिरवलेले आकडे खडूने बाटल्यांवर लिहिले. दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत त्या घराच्या टिनांवर ओळीने मांडल्या. एप्रिलचं ऊन होतं. दुपारी त्या टिनांना हात लावायची सोय नव्हती.

त्याची बायको केशरबाई खाटेवर पापड घालत होती. तिने वर बघितलं.

"आवं, लोकं टिनावर पापड घालतेत. तुमी तेल वाळू घालून राहिले काय?"

"वाळत न्हाई ते. शिजून राहिलंय."

"मंग मीठ-हळद टाकू का जरासं?"

"केशर, मस्करी नको करू. माज्या नावाचा सवाल हाय."

तिने पापड ठेवला. शेषरावाने तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "काळी निंगाली तर सांगताल मालकाला?"

"त्याच्यासाठीच तर ठिवल्यात."

"मंग निवांत जेवा. काळी निंगू नाहीतर पिवळी, आपलं तर खरं सांगायचं ठरलंच की."

सोमवारी सकाळी त्याने बाटल्या उतरवल्या. तीन पट्ट्या जशा घातल्या तशाच पिवळ्या होत्या. नव्वदमधली मात्र काळीशार झाली होती.

तो वर्कशॉपात पोचला तेव्हा भावसिंगचा टेम्पो दारात लागला होता. दोन हमाल लेथखाली पहार घालत होते. विश्वंभरराव आणि भावसिंग चहा पीत होते.

"थांबा रे, पहार काढा," शेषराव म्हणाला. त्याने चारही बाटल्या टेबलावर मांडल्या. "मालक, मशीन म्हातारी झाली न्हाई. म्या बिघडवली."

भावसिंगचा कप तोंडाशीच थांबला. "काय बोलून राहिले मामा?"

"बराबर बोलून राहिलो. रेवतीताईच्या लग्नात म्या हे नव्वद घातलं. त्यात गंधक असतं. लोखंडाच्या दात्यांला ते चालतं, गनमेटलला खातं. आवाज दबला, तर मला वाटलं बरी झाली. पन आतून बुश जात होता."

विश्वंभररावांनी काळी पट्टी दोऱ्याला धरून वर काढली आणि बराच वेळ बघितली.

"दोन वर्षं मी गावभर सांगत फिरलो," ते म्हणाले.

"व्हय."

"मग आता हेही गावभर सांगावं लागेल."

"सांगा. खरंच हाय ते."

"आणि मशीनचं काय?"

"बुश दोन फाकांचा हाय. काळं खरवडून काढतो, फाकांमधला एक पातळ पत्रा कमी करून आवळतो. चार दिवस द्या."

"तेल कोणतं घालायचं? मोटारीचं? त्याची पट्टी तर पिवळीच आहे."

"पिवळी हाय, पन ते तेल कचरा अंगावर घिऊन फिरतं. मोटारीला गाळणी असते, तिथं चालतं. हिला गाळणी न्हाई. हिला कचरा खाली बसू देणारं तेल पायजे. शेहेचाळीस आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळ पडतं. अडुसष्टच घालायचं."

"आन माज्या टेम्पोत कोणतं टाकू?" भावसिंगने विचारलं.

"तुज्या टेम्पोत टिकतं कुठं? नाक्यापासून इथवर सडकेला पाजत आलास ना बाबा!"

मालकांना हसू आलं आणि ते हसू बघूनच हमालांनी पहारी बाजूला ठेवल्या. भावसिंग गंजके पाइप तेवढे भरून निघून गेला.

चार दिवस शेषराव बुशावर वाकलेला होता. दांड्याला निळा रंग लावायचा, तो बुशात फिरवून बघायचा, जिथे निळं लागेल तो उंचवटा तांदळाएवढा खरवडायचा आणि पुन्हा लावायचा. चौथ्या दिवशी निळे ठिपके सगळीकडे सारखे पडले. त्याने डोकं रॉकेलने धुतलं, अडुसष्ट ओतलं आणि बटण दाबलं. अर्धा तास मशीन नुसती फिरू दिली, बुशावर हात ठेवून कोमट लागतो की चटका, ते पाहिलं. मग तोच शाफ्ट चढवला. कातून झाल्यावर विश्वंभररावांनी तो दारात नेऊन फिरवून फिरवून बघितला. त्यांना त्यात स्वतःचा चष्मा दिसला.

"लिहून ठेवा मशीनवर," ते म्हणाले. "उद्या तुम्ही नसाल, मी नसेन."

शेषरावाने पांढऱ्या रंगाचा ब्रश घेतला आणि झाकणावर सावकाश लिहिलं: ६८. दुसरं घालू नये.

"खाली नाव टाका."

त्याने नावही टाकलं. 'शे'ची मात्रा जरा तिरकी गेली, पण त्याने ती पुसली नाही.

मालकांनी शब्द पाळला. डबा घेऊन कुणी आलं की ते सगळी गोष्ट सांगत आणि शेवटी म्हणत, "यांनीच काळी केली, यांनीच पिवळी केली." शेषराव हसून थेंब चोळी. डबे घेऊन येणारे मात्र कमी झाले नाहीत.

तीन बाटल्यांतलं तेल कामी आलं. नव्वदची त्याने मशीनसमोरच्या खिडकीत ठेवली. सकाळचं ऊन तिच्यातून जाई आणि काळी पट्टी स्पष्ट दिसे. एकदा जवळच्या गोरेगावचं एक नवं गिऱ्हाईक म्हणालं, "मामा, ही काहून ठिवली? फेकून द्या की."

शेषरावाने शाफ्टवरची नजर काढली नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "ती माजी हाय."