बेलभंडार

विजयमालाबाईंचा साताऱ्यात सत्कार चालला होता, तेव्हाच इकडं त्यांच्या रानात बोअरची गाडी उभी होती. आता याला काय म्हणावं!

वाडी कोरेगावच्या वरच्या अंगाची, डोंगराला चिकटलेली. तिकडं महाबळेश्वराला पाऊस थांबता थांबत नाही आणि इथं नुसता तोंड दाखवून जातो. अलीकडं तर तोंडही दाखवेना. होळी झाली की टँकर, आणि टँकरमागं बायांची पळापळ. शेवटी बायाच उठल्या. बचत गटातल्या बायांनी विजयमालाबाईंना पुढं केलं. डोंगराच्या उताराला चर खणले, पाझर तलावातला गाळ घमेल्याघमेल्यानं उपसला. एकीच्या हातातनं दुसरीच्या हातात, अशी साऱ्या डोंगरभर रांग. गडी पारावर बसून हसायचे, "बाया आता पाऊस बी पाडत्यात का काय!" पण दोन पावसाळे गेले आणि ऐन मे महिन्यात गावच्या विहिरीला पाणी दिसलं. मग मात्र हसणाऱ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या.

पाणी राखायचं तर नेम हवा. भैरोबाच्या देवळात गावानं बेलभंडार उचलला. तलावाखालच्या रानात बोअर मारायचं नाही, ऊस लावायचा नाही, ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं. दर घरातनं एकानं बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शपथ घेतली. विजयमालाबाईंच्या घरातनं त्यांनीच घेतली. नवरा कृष्णात केव्हाच गेलेला आणि एकुलता एक जयराज पलटणीत, लडाखच्या बर्फात.

तो जयराज पेन्शन घेऊन घरी आला. धडधाकट आला, याचंच त्या माउलीला केवढं अप्रूप! पण त्याची सासुरवाड सांगलीकडची, कृष्णाकाठची. तिथं पावसाळ्यात पुराचं पाणी उंबऱ्याला लागतं, पण बाकी वर्षभर नजर जाईल तिथवर ऊस. मेहुण्याचा ऊस बघून आला की याचं डोकं फिरायचं. "आमच्या रानात काय कुसळंच उगवायची का?" म्हणायचा. त्याची बायको संयोगिता पोराला मांडीवर घेऊन ऐकून घ्यायची. लग्न झाल्यापासनं चर खणायला तीही सासूसंगं जात होती.

तर साताऱ्याला बायांचा मेळावा होता. विजयमालाबाईंनी तिथं बेलभंडाराची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या, शाल-नारळ मिळाला. सांजच्या एसटीनं फाट्यावर उतरल्या तर शेजारचा मानसिंग समोर.

"वैनी, पानी लय लागलं म्हनं की तुमच्या रानात!"

त्यांना कळेचना. रानात जाऊन बघतात तर सरीभर पांढरा राडा, आणि धुरळ्यानं माखलेला जयराज लहान पोरासारखा हसतोय.

"आई, कसलं पानी लागलंय बघ!"

"आरं, भैरोबाचा नेम मोडलास की रं!"

"म्या कुठं बेलभंडार उचललाय? म्या तवा लडाखला हुतो."

"घराचा हात म्या लावला हुता."

"मग हात तुझा हाय. माझा न्हाई."

त्यांनी शाल काखेत मारली आणि घरी आल्या. भांडल्या, रुसल्या, दोन वेळा जेवल्या नाहीत. मग आईचंच काळीज ते, विरघळलं. सरहद्दीवरनं परत आलेलं लेकरू, त्याच्याशी किती भांडायचं? एक पीक निघू दे, मग बघू, असं त्यांनी मनाला समजावलं. तिथंच चुकलं.

ऊस जोमानं वर आला आणि विहीर खाली गेली. होळीला दोर पुरेना. एप्रिलात तळातला गाळ दिसायला लागला. बाया विहिरीवर भेटायच्या, पण विजयमालाबाईंना चकार शब्द बोलायच्या नाहीत. उलट त्या आल्या की सरकून पुढं जागा द्यायच्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी गटातली सगळ्यात थोरली हरणाबाई जवळ आली. "माले, तुला बोलायचं न्हाई असं ठरलंय आमचं. तू लय केलंयस गावासाठी. पर मानसिंगानं बी बोअरची गाडी सांगितलीया. पुढाऱ्याच्याच घरानं मोडलं, आता मला कोन अडवतंय, म्हनतुया. त्येच्यामागनं आनखी चौघं हायती."

विजयमालाबाईंनी रिकामी कळशी तिथंच ठेवली. जयराज खत आणायला कोरेगावला गेला होता. भर उन्हात रानात गेल्या, बोअरच्या तोंडावरचं झाकण सारलं आणि पायपाच्या कडेनं बांधावरचे गोटे आत सोडायला लागल्या. गोटा खडखडत खोल जायचा. खडखडाट थांबला की त्या दुसरा उचलायच्या. भोवती कमरेएवढा ऊस सळसळत होता, पोरानं जिवापाड जपलेला.

संयोगिता भाकरी घेऊन आली आणि थिजली.

"आत्याबाई, आवं हे काय करताय? ह्ये घर सोडतील."

"ठावं हाय."

मग डोळे पुसून संयोगितेनं घमेलं घेतलं, बांधावरनं भरलं आणि सासूच्या हातात दिलं. डोंगरावर द्यायची तसंच. दोघी रडत होत्या आणि हात चालत होते.

जयराज आला. मोटर वर काढायला माणसं आणली. पण मोटर आतच अडकलेली, हलेना.

"कुनी केलं?"

"म्या. एकटीनं," विजयमालाबाई म्हणाल्या. संयोगिता तोंड उघडणार तोच त्यांनी तिच्याकडं अशी नजर टाकली, की ती गप झाली.

जयराज ओरडला नाही. "दुश्मनानं असं केलं नसतं, आई," एवढंच बोलला. ट्रंक भरली, बायको-पोराला घेऊन मेहुण्याकडं सांगलीला निघून गेला. जाताना संयोगितेनं पायांवर डोकं ठेवलं ते लवकर उचललंच नाही.

मानसिंगानं गाडी परत पाठवली. बाकीचेही गुमान बसले. ऊस उभ्याउभ्या वाळला. गावची गुरं त्यात शिरली तरी विजयमालाबाईंनी हाकलली नाहीत. आणि हळूहळू विहिरीला झरा सुटला.

हरणाबाईनं दोर त्यांच्याच हातात आधी दिला. "वड, माले. तुजं पानी हाय."

त्यांनी घर भरलेलं असतानाच्या सवयीनं दोन हंडे भरले. डोक्यावर एक, काखेत एक. घरी येऊन चुलीपाशी ठेवले, फडक्यानं झाकले आणि भिंतीला टेकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाया दारावरनं निघाल्या. "विजयमालाबाय, पान्याला येतीस न्हवं?"

आत विजयमालाबाईंनी हंड्यांवरचं फडकं उचलून बघितलं.

"जावा गं तुमी," त्या म्हणाल्या. "कालचंच हाय."