मंगळवारचे आकडे

मित्रांनो, उन्हाने पिवळा पडलेला, खांबावर टांगलेला मी एक जुना डबा आहे. माझ्या पोटात चिमुकला पंखा आणि प्रकाशाचा एक किरण आहे. पंखा हवा आत ओढतो आणि किरणाच्या उजेडात मी हवेतले केसाहून बारीक कण मोजतो. आक्रा शहरातल्या प्रयोगशाळेत कोर्कोर नावाच्या मुलीने मला जुळवले. समुद्राकाठी, मासे धुरावर सुकवणाऱ्या बायकांच्या भट्ट्यांशेजारी तिने मला बसवले.

नाआ देई ही तिथली सर्वांत जुनी भट्टीवाली. मला पाहून ती म्हणाली, "आमच्या चहाड्या करायला टांगलंस होय गं याला?"

"मावशी, तो नुसता मोजतो."

"मोजू दे. खोटं बोलला तर भट्टीत घालीन."

दोन वर्षे मी दर तासाला आकडे पाठवले. ते कोणी उघडूनही पाहिले नाहीत. मला फार वाईट वाटे.

मग भट्ट्यांजवळच्या शाळेतली मुले खोकू लागली. नगरपालिकेचे साहेब आले. "धूर तुमचाच. महिनाअखेर भट्ट्या हलवा," म्हणाले. चाळीस घरे त्या भट्ट्यांवर जगत होती. बायकांच्या तोंडचे पाणी पळाले.

नाआ देईने कोर्कोरला गाठले. "पोरी, आपल्या जुन्या रीतीने मंगळवारी दर्याला सुट्टी. होड्या नाहीत, मासे नाहीत, भट्ट्या गार. याचे मंगळवारचेच आकडे काढ बघू."

कोर्कोरने शंभर मंगळवार काढले. शाळेतल्या सभेत तिने ते वाचून दाखवले. भट्ट्या गार असूनही माझा आकडा इतर दिवसांपेक्षा जेमतेम खाली होता.

"मग हा धूर कुठला?" साहेबांनी विचारले.

नाआ देईने खिडकीबाहेर बोट केले. खाटीकखान्यामागे खाटीक टायर पेटवून कापलेल्या बकऱ्यांच्या कातडीवरचे केस जाळत होते. काळा लोट थेट शाळेवर आणि माझ्या खांबावर येत होता.

"साहेब, हा कधी दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला," साहेब हळूच म्हणाले. "पण दोष तुमच्यावर टाकणं सोपं होतं."

भट्ट्या राहिल्या. खाटीकखान्यात टायर बंद झाले, गॅसच्या शेगड्या आल्या. नाआ देई तेवढ्यावर थांबली नाही. "उरलेला धूर आमचा," म्हणत तिने सगळ्या भट्ट्यांना झाकणे आणि धुराडी बसवून घेतली.

मित्रांनो, चार महिन्यांत माझा आकडा निम्म्याहून खाली आला. त्या दिवशी बायका माझ्या खांबाभोवती गात नाचल्या. एवढा मान कुठल्या डब्याला मिळाला असेल?

तुमच्या शहरातही माझी भावंडे खांबाखांबांवर मोजत बसली आहेत. त्यांची निगा राखा आणि आज आकडा किती, हे रोज विचारा.