खाडीपलीकडचा एक शब्द

मी एक शब्दकोश बोलतोय. इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचा मराठी अर्थ द्यायचा, एवढंच माझं काम. अंगानं जाडजूड आहे, पाठीवर निळं कापड चिकटवलेलं आहे आणि मधली काही पानं सैल होऊन बाहेर डोकावतात. लोक माझ्याकडे येतात, हवा तो शब्द बघतात आणि मला मिटून टाकतात. आजवर मी कुणाला काही सांगितलं नाही. पण एक गोष्ट मनात सलते आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा अंगाला खळीचा वास होता. एका दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस उभा होतो. मग एक तरुण मुलगी आली. खाडीपलीकडच्या एका व्यापारी कचेरीत ती नुकतीच कामाला लागली होती. तिनं मला उघडून नाकाशी नेलं, खोल वास घेतला आणि पैसे काढले. तेव्हापासून मी तिचा झालो. पुढे तिचं लग्न झालं, नोकरी सुटली आणि ती घरी बसून भाषांतरं करू लागली. आता सगळे तिला बाई म्हणतात.

बाईंचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. कुणाचीही चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून लोकांनी त्यांचं नाव 'कानामात्रा' ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा ते पेन्सिल घेऊन वाचत. माझ्याशी मात्र त्यांचं वागणं यथातथाच. चुरगळलेली टोपी सरळ करायला ते मला तिच्यावर ठेवत. एकदा तर मलाच आपटून झुरळ मारलं. बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

टेबलावर माझ्या शेजारी एक सडपातळ कोश राहायचा. तो इंग्रजीतून खाडीपलीकडच्या भाषेत नेणारा. मी एकेका शब्दाला चारचार, पाचपाच अर्थ देतो, बाईंना ते वाचत बसावं लागतं. तो एका शब्दाला एकच अर्थ द्यायचा आणि गप्प बसायचा. बाईंचं काम त्याच्यापाशी झटकन व्हायचं. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा.

एका दुपारी गोदीच्या कचेरीतला शिपाई पाकीट घेऊन आला.

"आजच पाहिजे बाई. दोन्ही भाषांत. साहेबांनी सांगितलंय, घेऊनच ये."

गोदीत एक तरुण रंगारी मेला होता. जहाजाच्या बाहेरच्या अंगाला परांची टांगून तो रंग देत होता आणि तिथून खाली गेला. ते घडताना एकाच माणसानं पाहिलं, त्या जहाजावरच्या परदेशी अधिकाऱ्यानं. त्यानं इंग्रजीत जबानी दिली आणि जहाज निघून गेलं. आता त्याला पुन्हा काही विचारायची सोय नव्हती. मृताच्या घरच्यांना त्यांच्या भाषेत प्रत द्यायची, असा कचेरीचा नियम होता. घरी दोघीच होत्या. रंगाऱ्याची आई मराठी बोलणारी आणि बायको खाडीपलीकडची. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. आजवर दोघींच्या मध्ये तोच बोलायचा.

जबानी अगदी छोटी होती. वारा किती होता, परांची कशी बांधली होती, हे सगळं भराभर उतरलं. शेवटच्या वाक्यात बाई अडल्या. रंगाऱ्यानं एकाएकी 'लर्च' केलं आणि तो दिसेनासा झाला, असं त्या वाक्यात होतं.

बाईंनी मला जवळ ओढलं. एकदम एका अंगाला कलणे, झोक जाणे, हेलकावा खाणे, झोकांडी जाणे. माझ्याकडे होतं तेवढं मी त्यांच्यापुढे ठेवलं.

"झटका लिहू?" त्यांनी यजमानांना विचारलं.

"झटका म्हणजे त्याला काही आजार होता असं वाटेल."

"हिसका?"

"हिसका दुसरा कुणीतरी देतो."

"मग उसळी? झेप?"

कानामात्रांनी चष्मा कपाळावर चढवला. "झेप घेतली म्हणजे स्वतःच्या मनानं गेला. तसं आहे का त्या साहेबाचं म्हणणं?"

"नाही. नुसतं अंग एकदम गेलं, एवढंच."

"मग झोक गेला म्हण. पण जपून. झोक गेला म्हणजे तोल गेला आणि झोकून दिलं म्हणजे स्वतःहून. एवढ्याशा फरकानं माणसाचं मरण बदलतं."

बाईंनी खोडलं, पुन्हा लिहिलं, मोठ्यानं वाचून पाहिलं. 'एकाएकी त्याचा झोक गेला आणि तो दिसेनासा झाला.' दोघांचं समाधान झालं तेव्हा दुपार कलली होती. दारातला शिपाई पाय बदलत उभा होता.

"बाई, कचेरी बंद होईल हो."

मग दुसरी प्रत. बाईंना खाडीपलीकडची भाषा येत होती, पण ती कचेरीतली. माल आला, माल गेला, हुंडी वटली, गोदाम रिकामं झालं. त्या भाषेत आई मुलावर कशी रागावते, पोरं अंगणात कशी हुंदडतात, हे त्यांच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. तोच शब्द त्यांनी माझ्या शेजाऱ्यात पाहिला. त्यानं नेहमीप्रमाणे एकच अर्थ दिला. बाईंनी तो लिहिला, खाली दोन्ही प्रतींवर आपलं नाव आणि पत्ता घातला, आणि शिपाई पायऱ्या उतरून गेला.

त्यानंतर किती कामं आली आणि गेली. रंगारी आमच्या टेबलावरून पुसला गेला.

उन्हाळा संपत आला होता तेव्हा एक म्हातारी पत्ता विचारत आली. हातात पिशवी, पिशवीत तो घडी घातलेला कागद.

"हे तुम्हीच लिहिलंय ना? मी त्याची आई."

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हातारीनं पाणी पिऊन भांडं उपडं ठेवलं आणि पदरानं टेबलावरचा थेंब पुसला.

"मला वाचता येत नाही. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. त्याचा झोक गेला म्हणे. देवानं नेलं, काय करणार. मी त्यासाठी नाही आले. एका शब्दाचा अर्थ विचारायचा होता."

"विचारा ना मावशी."

"माझी सून तो शब्द सारखा म्हणायची. तिला तिचा कागद मिळाला त्या दिवसापासून. मी घोकून ठेवलाय, विसरू नये म्हणून."

आणि म्हातारीनं तो उच्चारला. तिच्या जिभेवर तो जरा वेडावाकडा झाला होता, पण माझ्या शेजाऱ्यानं आणि मी तो ओळखला. बाईंनीही ओळखला.

"अहो, तो मीच लिहिलेला शब्द आहे," बाई म्हणाल्या. "एकदम हालणं, अंग जाणं, असा अर्थ आहे त्याचा."

"असं?" म्हातारी विचारात पडली. "मग ती तसं का करायची?"

"कसं?"

म्हातारी उठली. दाराच्या उंबऱ्यावर गेली, एका हातानं चौकट धरून तिनं दोन्ही पाय जुळवले, तो शब्द म्हटला आणि बाहेरच्या पायरीवर उडी मारली. छोटीशीच उडी. मग मागे वळून तिनं बाईंकडे पाहिलं, भुवया वर करून, जसं कुणी काही विचारतं.

"अशी करायची बघा. मग माझ्याकडे बघत राहायची. मला वाटलं, दुःखानं डोकं फिरलं पोरीचं."

बाईंच्या हातातलं पेन टेबलावर पडलं आणि माझ्या अंगावरून घरंगळत खाली गेलं. ते कुणी उचललं नाही.

"तुम्ही काय करायचात, मावशी?"

"मी काय करणार? मला कळायचं थोडंच. मी आपली मान हलवायचे. होय बाळा, होय म्हणायचे. जवळ घ्यायचे. तिच्या भाषेत 'होय' कसं म्हणतात तेवढं मला येतं, माझ्या लेकानं शिकवलं होतं."

कानामात्रा खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना ती भाषा येत नव्हती, पण काय घडलं होतं ते त्यांना कळलं होतं.

बाईंनी काहीच लपवलं नाही. म्हातारीचे दोन्ही हात धरून त्यांनी सांगितलं, की तो शब्द त्या भाषेत घरीदारी फक्त एकाच अर्थानं वापरतात असं दिसतंय. स्वतःहून उडी मारणं. सुनेच्या कागदावर लिहिलं गेलं की नवऱ्यानं उडी मारली. ती तुम्हाला तेच विचारत होती. खरंच त्यानं असं केलं का? आणि तुम्ही तिला होय म्हणालात.

म्हातारी हळूच बोलू लागली.

"त्या दिवशी सकाळी दोघांचं वाजलं होतं. कशावरून ते मला काय कळणार, त्यांच्या भाषेत. तो डबा न घेताच गेला. ती डबा घेऊन कोपऱ्यापर्यंत पळाली होती. म्हणून गेली होय ती. एक दिवस माझे पाय धरले, रडली आणि माहेरी निघून गेली. मला वाटलं, इथे करमत नसेल. मी तिला थांबसुद्धा म्हटलं नाही. तिच्या भाषेत थांब कसं म्हणतात ते मला ठाऊकच नव्हतं."

"फोन करता येईल का तिला?" बाईंनी विचारलं.

सुनेच्या माहेरच्या घराखाली तिच्या मामाचं दुकान होतं, त्याचा नंबर म्हातारीनं पिशवीतून काढला. माझ्याच शेजारी ठेवलेल्या फोनवरून बाईंनी तो लावला. मामानं हाक मारली, कुणीतरी जिना उतरल्याचा आवाज आला आणि सून फोनवर आली.

बाई तिच्या भाषेत बोलत होत्या. अडखळत, शब्द शोधत. मला काही कळत नव्हतं, पण बाईंच्या कपाळावरचा घाम दिसत होता. बोलणं संपलं. पलीकडून दोन-तीन वाक्यं आली, अगदी शांत आवाजात. बाईंनी फोन छातीशी धरला आणि त्या म्हातारीकडे वळल्या.

"ती म्हणते, सासूबाई तेव्हा होय म्हणाल्या होत्या. आता नाही म्हणताहेत. त्यांना तेव्हा खरंच कळलं नव्हतं, की मला बरं वाटावं म्हणून आता हे सगळं सांगताय?"

म्हातारीनं हात पुढे केला. "नाही ला काय म्हणतात त्यांच्यात? सांगा मला लवकर."

बाईंनी सांगितलं. म्हातारीनं फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि तो एकच शब्द म्हणत राहिली. नाही. नाही. नाही गं बाळा. मधेच आपल्या भाषेत जायची, पुन्हा तिच्या भाषेत यायची. पलीकडून रडण्याचा आवाज आला. म्हातारीचा आवाज चढत गेला, जणू खाडीच्या पार ऐकू जायला हवं होतं.

फोन ठेवण्याआधी सून आणखी एक वाक्य बोलली. म्हातारी गेल्यावर ते बाईंनी यजमानांना सांगितलं.

"म्हणाली, आता माझ्याकडे दोन शब्द झाले, होय आणि नाही. तुम्ही म्हणता दुसरा खरा. पण पहिल्याबरोबर मी इतके दिवस झोपले आणि उठले. तो आता जात नाही."

पडलेलं पेन शोधून कानामात्रांनी बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते टोपण लावून खणात ठेवलं.

पुढची हकिगत थोडी आहे. म्हातारीनं ती भाषा शिकायचा हट्टच धरला. "आता मध्ये कुणी नको," म्हणायची. बाई तिला शिकवू लागल्या. त्यासाठी आधी त्या स्वतः मासळीबाजारात जाऊन बसल्या, खाडीपलीकडून येणाऱ्या कोळणींशी बोलल्या, घरातले शब्द गोळा करून आणले. त्या कोळणींकडूनच बाईंना एकदम तोल जाण्यासाठी खरा शब्द मिळाला. साधा, रोजच्या वापरातला. माझ्या शेजाऱ्यात तो कुठेच छापलेला नव्हता.

म्हातारीनं तो शब्द घालून एक वाक्य पाठ केलं. ते सांगायला तिनं पुन्हा फोन लावला. सून आली, ऐकलं, हुंदका देऊन फोन ठेवला. त्यानंतर लावला तेव्हा मामानं सांगितलं, की ती लांबच्या एका गावी कामाला गेली आहे. नंबर देऊन गेलेली नाही. म्हातारी तरीही शिकायला येते. चुकलं की स्वतःच हसते आणि हसता हसता डोळे पुसते. सून आली तर, असं म्हणून पुढचा धडा मागते.

बाईंनी भाषांतराची कामं घेणं बंद केलं आहे. गोदीच्या कचेरीतून माणसं येतात, त्यांना कानामात्रा दारातूनच परत पाठवतात. मला कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलंय. माझ्याकडचे चारही अर्थ तोल जाण्याचे होते, एकही उडीचा नव्हता. ते बरोबर होते याचं मला काडीचंही समाधान नाही. ज्या पोरीला ते हवे होते तिला माझी भाषाच येत नव्हती.

माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या मरणाचा कागद तुमच्या हाती आला, तर दारात कुणी कितीही खोळंबलं असलं तरी घाई करू नका. एकच अर्थ सापडला तर दुसरा शोधायला बाहेर पडा, लोकांना विचारा. आणि कुणी रडत रडत, तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत काही विचारलं, तर मायेपोटीसुद्धा मान हलवू नका. तिला तिथेच बसवा, तिचा हात सोडू नका आणि ज्याला दोन्ही भाषा कळतात अशा कुणाला तरी हाक मारा.